तंजावरच्या राणी कामाक्षीबाईसाहेब

मराठ्यांच्या इतिहासातील थोर स्त्रियांची गणना करू लागलो की राजमाता जिजाबाई, येसूबाई, ताराबाई ही नावे आपल्या घराघरांतील मुलांच्याही ओठी सहज येतात, आणि ते योग्यच आहे. परंतु एक नाव असे आहे की ते आपल्या लोकांपेक्षा परदेशीय वकिलांस अधिक परिचित आहे. इंग्रजी कायद्याच्या ग्रंथांत ते कामाची बोये साहेबा अशा विचित्र रूपात छापले गेले आहे. मराठी नाव तामीळ मुलखात गेले, तेथून इंग्रज कारकुनाच्या कानावर पडले आणि मग लंडनच्या छापखान्यात पोचले, म्हणजे त्याची अशी दशा व्हावयाचीच! ह्या कामाची बोये साहेबा म्हणजे तंजावरचे अखेरचे राजे शिवाजी महाराज ह्यांच्या ज्येष्ठ राणी, भोसले कुळाच्या सूनबाई, श्रीमंत कामाक्षीबाईसाहेब होत. त्यांनी हाती शस्त्र धरले नाही, सैन्य उभारले नाही. सरकारने मोहोरबंद केलेले आपल्या घराचे दरवाजे उघडवून घेण्यासाठी त्यांनी कज्जा मांडला. तो त्या हरल्या, आणि तरीही दरवाजे उघडले. ते कसे, हे आपल्या ज्ञातिबांधवांस व भगिनींस सांगावे, एवढ्याच हेतूने हा लेख लिहीत आहे.

कावेरीच्या काठी असलेले तंजावरचे राज्य मराठ्यांच्या हाती आले ते छत्रपती शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे ह्यांच्या पराक्रमाने, १६७५–७६ च्या सुमारास. तेथून १८५५ पर्यंत सुमारे एकशे ऐंशी वर्षे भोसल्यांची गादी त्या दूर तामीळ देशी नांदली. ह्या घराण्याची तऱ्हा काही निराळीच होती. शाहजीराजे स्वतः नाटके लिहीत. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ सतराव्या शतकाच्या अखेरीचे, म्हणजे सांगलीस विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीचे. समर्थ संप्रदायाचे मठ तेथे होते. माधवस्वामींनी संपूर्ण महाभारत मराठीत आणले तेही तेथेच. मराठी भाषेचे हे रोपटे परक्या मातीत राजाश्रयाने वाढले होते.

त्या घराण्यातील सर्वांत विद्याव्यासंगी पुरुष म्हणजे सरफोजीराजे (दुसरे). ते कामाक्षीबाईंचे श्वशुर होत. १७७७ साली जन्मलेल्या ह्या राजपुत्रास तुळजाजीराजे ह्यांनी दत्तक घेतले. श्वार्ट्झ नावाच्या मिशनऱ्याने त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष पुरविले. १७९८ साली ते गादीवर आले आणि लागलीच १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांकडे उरला तंजावरचा किल्ला, वर्षास एक लक्ष होन आणि मुलखाच्या निव्वळ वसुलाचा पाचवा हिस्सा. दुसरा एखादा राजा शिकारीत व नाचरंगात बुडून गेला असता. सरफोजीराजांनी मात्र राज्य गेल्यावर ग्रंथ जमविण्यास आरंभ केला. नायक राजांच्या काळापासून वाड्यात असलेले पोथीघर त्यांनी इतके वाढविले की पुढे तेच सरस्वती महाल ह्या नावाने प्रख्यात झाले. १८२० साली ते काशीयात्रेस निघाले. ह्या दीर्घ यात्रेत त्यांनी पोथ्या मिळविल्या, काहींच्या नकला करवून घेतल्या. युरोपातून इंग्रजी, फ्रेंच, जर्मन वगैरे भाषांतील छापील ग्रंथ मागविले व पुष्कळांवर इंग्रजीत स्वतःची सही केली. वाड्यात देवनागरी छापखाना घातला आणि इसापच्या गोष्टींचे मराठी भाषांतर ‘बालबोध मुक्तावली’ ह्या नावाने १८०६ साली छापून काढले. वैद्यकाचे प्रयोग लिहून ठेवविले. इतकेच काय, मुदपाकखान्यातील पाककृतीही मराठीत लिहवून ठेवल्या. आजच्या गृहिणींस हे वाचून कौतुक वाटेल.

आणखी एक काम त्यांनी केले. तंजावरच्या बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाची बखर मराठीत कोरविली. ते साल १८०३. दगडावरची अक्षरे कोणास उचलून नेता येत नाहीत. कागदांचे तसे नसते, हे पुढील प्रसंगांवरून दिसून येईल.

१८३२ साली सरफोजीराजे कैलासवासी झाले व त्यांचे पुत्र शिवाजीराजे गादीवर बसले. त्यांच्या कारकीर्दीविषयी विस्ताराने लिहिण्याजोगे थोडे आहे. पुत्रसंतान व्हावे म्हणून त्यांनी अनेक विवाह केले, परंतु पुत्र झाला नाही. दोन कन्या मात्र होत्या. २९ ऑक्टोबर १८५५ रोजी शिवाजीराजे निवर्तले. मागे राण्यांचा मोठा परिवार होता आणि त्या सर्वांत ज्येष्ठ होत्या कामाक्षीबाई.

तो काळ कसा होता हे ध्यानी घेतले पाहिजे. १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा झाले. १८५३ च्या अखेरीस नागपूरचे रघूजीराजे भोसले वारले आणि त्यांचे राज्य गेले; एवढ्याने न भागता तेथील राजवाड्यातील हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले, आणि जडजवाहीर कलकत्त्यास विक्रीस गेले. वृद्ध बांकाबाईसाहेबांचे आक्रोश कोणी ऐकले नाहीत. १८५४ साली झांशी गेली. मराठ्यांच्या व मराठी घराण्यांच्या एकेका गादीवर अशी सावली पडत असता तंजावर वाचेल अशी आशा कोणासही नसावी. तरी तेथील रेसिडेंट फोर्ब्स ह्याने प्रथम कन्येच्या वारसाची शिफारस केली होती, हे नमूद केले पाहिजे. इंग्रजांतही न्यायबुद्धी असलेली माणसे होती. पण लंडनच्या डायरेक्टरांनी ती शिफारस फेटाळली. स्त्रीस गादीचा वारसा नाही, सबब राज्य संपले, असा निर्णय झाला.

ह्यानंतर जे घडले ते अधिक दुःखदायक आहे. १८ ऑक्टोबर १८५६ रोजी तोच फोर्ब्स, आता सरकारचा कमिशनर ह्या नात्याने, शिपायांची पलटण घेऊन राजवाड्यात आला. खोल्याखोल्यांस मोहोरा लागल्या. पहारे बसले. जामदारखाना, शस्त्रागार, वस्त्रे, भांडीकुंडी, जमिनीचे कागद, पोथ्या, दफ्तर, सर्व काही सरकारजमा. राज्याचे कोणते आणि घरचे कोणते, असा भेद करण्याची तसदी कोणी घेतली नाही. पतिनिधनास वर्ष होते न होते तोच ज्या घरात आपण लक्ष्मी म्हणून आलो त्या घरात परक्या शिपायाचा पहारा पाहावा लागणे, ह्या प्रसंगाची कल्पना आपल्या भगिनींनीच करावी.

येथे थोडे विषयांतर करून एक गोष्ट सांगावीशी वाटते. जुन्या घराण्याचे दफ्तर म्हणजे काय, हे आजच्या पिढीस सांगावे लागते. सनदा, महजर, वंशावळी, दानपत्रे, लग्नकार्याच्या याद्या, कोणास किती शिधा द्यावयाचा त्याचे जाबते, देण्याघेण्याचे ताळेबंद, सोयऱ्यांची पत्रे, हे सर्व मोडीत लिहून रुमालात बांधलेले असे. त्याच काळी आपल्या मुंबई इलाख्यात इनाम कमिशनचे काम चालू होते. १८५२ च्या कायद्याने त्यास पुष्कळ अधिकार मिळाले होते. ज्यास हक्काची सनद दाखविता आली त्याचे इनाम टिकले; ज्याचा कागद वाळवीने खाल्ला त्याची पिढ्यान् पिढ्यांची जमीन गेली. म्हणजे कागद ज्याच्या हाती त्याच्याच हाती हक्क. आमच्या पिढीने तरी माळ्यावरची मोडी रुमालांची गाठोडी पाहिली आहेत. पुष्कळ ठिकाणी ती बंबात गेली किंवा रद्दीवाल्याच्या तराजूत पडली, हेही डोळ्यांनी पाहिले आहे. शत्रूने नेले म्हणून आपण रडतो. घरच्यांनी जाळले त्याची नोंदही नसते.

असो. कामाक्षीबाईंपुढे मार्ग तरी कोणते होते? आर्जव करणे हा एक. विलायतेस वकील पाठविणे हा दुसरा. साताऱ्याच्या रंगो बापूजींनी त्यासाठी लंडनात वर्षानुवर्षे काढली होती आणि हाती काही आले नव्हते. राणीसाहेबांनी तिसराच मार्ग धरला. मद्रास येथे सुप्रीम कोर्ट होते. ते कंपनीचे नव्हे, तर इंग्लंडच्या राजसत्तेचे न्यायासन होते व तेथे कंपनीवरही दावा लागू शके. मद्रासेतील ख्यातनाम बॅरिस्टर जॉन ब्रूस नॉर्टन ह्यांनी राणीसाहेबांचे वकीलपत्र घेतले. संस्थाने गिळंकृत करण्याच्या धोरणाविरुद्ध ह्याच नॉर्टनने पुढे ग्रंथ लिहिला व त्यात तंजावरची कहाणी इंग्रज वाचकांपुढे मांडली.

राणीसाहेबांचे म्हणणे अगदी सरळ होते. गादीचा प्रश्न बाजूस ठेवा. राजे हे जसे राजे होते तसे ते एक गृहस्थही होते. त्यांनी विकत घेतलेल्या जमिनी, त्यांचे अलंकार, त्यांच्या वडिलांनी जमविलेले ग्रंथ ही त्यांची स्वतःची मिळकत. आणि हिंदू धर्मशास्त्राप्रमाणे निपुत्रिक पुरुषाची वारस त्याची विधवा पत्नी. ह्यावर कंपनीचे उत्तर असे की राजे हे सार्वभौम होते. सरकारने राज्य घेतले ते राजसत्तेच्या कृत्याने घेतले आणि त्याबरोबर जे जे हाती आले ते ते सरकारचे. ह्याची चौकशी कोणत्याही कोर्टास करता येत नाही. वाचकांनी ह्यातील मौज पाहावी. १७९९ पासून राजांस किल्ल्याबाहेर सत्ता नव्हती. राज्य काढून घेतेवेळी ते नुसते तनखेदार, आणि घर काढून घेतेवेळी एकाएकी सार्वभौम!

सुप्रीम कोर्टाने निवाडा राणीसाहेबांच्या बाजूने दिला. बलाढ्य कंपनी सरकारविरुद्ध एका पडदानशीन मराठा विधवेने, परमुलखात, परभाषेत चाललेला दावा जिंकला, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. परंतु कंपनीने अपील केले व प्रकरण लंडनला प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले. मध्यंतरी १८५७ चे वादळ उठले. १८५८ साली कंपनीच बुडाली व तिचा कारभार राणीच्या सरकारने घेतला. ज्या कंपनीवर दावा लावला तीच नाहीशी झाली, पण अपील राहिले. ते आता भारतमंत्र्याच्या नावे चालले. १८५९ साली लॉर्ड किंग्सडाउन ह्यांनी निकाल सांगितला. जप्ती न्याय्य होती की अन्याय्य होती ह्यात न्यायासन पडू शकत नाही. ती राजसत्तेने राजसत्तेविरुद्ध केलेली कृती आहे आणि तशा कृतीवर मुलकी न्यायालयाचा अधिकार चालत नाही, असा त्याचा आशय होता. मद्रासचा निवाडा रद्द झाला.

हा निकाल विधिशास्त्रात अजरामर झाला. स्वातंत्र्यानंतर संस्थानांच्या विलीनीकरणातून जे खटले निघाले त्यांतही आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे त्याची चर्चा झाली. एका मराठा राणीचा पराभव शंभर वर्षे जगभरचे वकील आपापल्या पक्षकारांसाठी उगाळीत राहिले. ती राणी कोण, तिच्या घरात काय होते, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल?

न्यायाचा दरवाजा बंद झाला. मात्र त्या निकालात न्यायासनाने जप्तीस योग्य म्हटलेले नव्हते. केवळ आपले हात बांधलेले आहेत एवढेच सांगितले होते. म्हणजे चेंडू पुन्हा सरकारकडे आला. राणीसाहेबांची बाजू इंग्लंडात छापून झालेली होती, कज्जा सहा हजार मैल दूर गाजलेला होता आणि बंडानंतर संस्थानिकांशी गोडीने वागावे असे धोरण ठरत होते. अखेरीस भारतमंत्र्यांच्या संमतीने मद्रास सरकारने २१ ऑगस्ट १८६२ रोजी हुकूम काढला. मिळकत दिवंगत राजांच्या वारसांस सोडून द्यावी. ती ज्येष्ठ राणीच्या हवाली करावी. तिने तिचा कारभार पाहावा व इतर राण्यांचे योगक्षेम चालवावे. तिच्या पश्चात् हयात राण्यांकडे क्रमाने जावी. शेवटच्या राणीनंतर राजांच्या कन्येस, आणि ती नसल्यास राजांच्या पुढील वारसांस मिळावी.

अशा रीतीने सहा वर्षांनी वाड्यावरचा पहारा उठला. पोथीघर आणि दफ्तर वाड्यातच होते. ते वाड्याबरोबर पुनः भोसल्यांचे झाले. सर्वच वस्तू अशा भाग्यवान ठरल्या नाहीत. तंजावरच्या शस्त्रागारातील निवडक शस्त्रे मद्रासच्या संग्रहालयात गेली आणि बाकीची पुष्कळशी मोडतोड करून जुन्या धातूच्या भावाने विकली गेली. व्यंकोजीराजांच्या वारसांच्या तलवारी मोडीत निघाल्या, मोडीतले कागद मात्र राहिले.

ह्यानंतर सर्व काही सुखाने झाले असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. पण जे घडले ते सांगितले पाहिजे. परत आलेल्या मिळकतीवरून राण्या-राण्यांतच वाद लागला. धाकट्या राणीसाहेब जिजांबाबाई ह्यांनी कामाक्षीबाईंवर दावा लावला व तो मद्रासच्या उच्च न्यायालयात १८६८ साली निकाल लागेपर्यंत चालला. घरातले भांडण चावडीवर गेले की आपल्या लोकांस खाली मान घालावीशी वाटते. तरी ह्या भांडणातून एक चांगली गोष्ट निघाली, ती कोणाच्या फारशी ध्यानी येत नाही. १८६२ चा हुकूम म्हणजे सरकारने दयाबुद्धीने दिलेली नवी देणगी आहे काय, असा प्रश्न निघाला असता, ती देणगी नव्हे. जप्ती झालीच नसती तर ज्यांस वारसाने मिळकत मिळाली असती त्यांचाच हक्क त्याने पुनः उभा राहिला, असे न्यायालयाने ठरविले. प्रिव्ही कौन्सिलपुढे कामाक्षीबाई ज्यासाठी झगडल्या, ते वारसाचे नाते नऊ वर्षांनी, सवतीने लावलेल्या दाव्यात, मान्य झाले. लंडनला जे सरकारकडून मिळाले नाही ते मद्रासला घरच्या कज्ज्यात मिळाले.

पोथीघराचे पुढे काय झाले तेही थोडक्यात सांगतो. १८७१ साली सरकारने तंजावरचे न्यायाधीश डॉ. बर्नेल ह्यांस तेथील पोथ्या तपासून सूची करण्यास नेमले. हा गृहस्थ संस्कृतचा खरा व्यासंगी. वाड्याच्या त्या दालनांतून बसून त्याने पोथ्यांची वर्षानुवर्षे छाननी केली आणि १८८० साली संस्कृत ग्रंथांची सूची लंडनला प्रसिद्ध केली. पोथ्यांची संख्या त्याने सुमारे १८,००० सांगितली व त्यांपैकी सुमारे ८,००० ताडपत्रावरच्या होत्या. मराठी पोथ्या त्याच्या कामात नव्हत्या. त्यांची मोजदाद पुढे झाली व ती तीन हजारांवर गेली. शाहजीराजांची नाटके त्यांतच. ती जर १८५६ च्या मोहोरांखाली कुजली असती, किंवा नागपूरच्या जवाहिराप्रमाणे लिलावात फुटून गेली असती, तर मराठी नाटकाचा इतिहास आपण आजही सांगलीपासूनच शिकविला असता. मी स्वतः शाळेत पुष्कळ वर्षे तसाच शिकविला. क्रमिक पुस्तकात तेवढेच होते.

राण्या एकामागून एक निवर्तत गेल्या व शेवटच्या राणीसाहेब १९१२ साली कैलासवासी झाल्या. पुन्हा वारसांचे दावे उभे राहिले, पुन्हा न्यायालय मध्ये पडले. जमिनी, वाडे, रोकड ह्यांच्या वाटण्या व्हावयाच्या त्या झाल्याच. परंतु सरस्वती महालाच्या बाबतीत भोसले मंडळींनी वेगळा विचार केला. ग्रंथांवरचा आपला वारसाहक्क त्यांनी सोडला, संग्रह सर्व लोकांसाठी खुला करावा असे ठरले, आणि त्याच्या खर्चासाठी मिळकतीतून एक लक्ष रुपये बाजूस काढून दिले. ५ ऑक्टोबर १९१८ च्या सरकारी ठरावाने सरस्वती महाल सार्वजनिक ग्रंथालय झाले व त्याच्या व्यवस्थापक मंडळात राजघराण्यातील एका वारसाची जागा ठेवण्यात आली.